नकाशावर सहा सेंटिमीटर, पायाखाली किती? : प्रमाण आणि स्थलनिर्देशक नकाशाचे वाचन

वर्गाबाहेर

नमस्कार. नागपूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी गेली अनेक वर्षे भूगोल शिकवते. स्थलनिर्देशक नकाशाचे वाचन केवळ प्रात्यक्षिकाच्या गुणांपुरते राहू नये, म्हणून यंदा थंडी ओसरत असताना अकरावीच्या बावीस मुलांना घेऊन मी रामटेकला गेले होते. तिथे जे घडले ते सविस्तर मांडते, कारण चूक माझी होती आणि ती नेमकी कुठे झाली हे मला अजून उमगलेले नाही.

रामटेक ज्या नकाशावर येते त्याचा क्रमांक ५५ ओ/७. महाविद्यालयाच्या कपाटात त्याची जुनी छापील प्रत आहे, पण ती घड्यांवर विरत चालली असल्याने बाहेर नेण्याजोगी नाही. म्हणून तिच्यातील हवा तेवढा भाग मी झेरॉक्स करून आणला आणि प्रत्येक गटाला एकेक प्रत दिली. मूळ नकाशाचे प्रमाण १:५०,००० आहे, म्हणजे कागदावरचा १ सें.मी. जमिनीवर ५०० मीटर होतो. गावापासून खिंडसी तलावाच्या बाजूला ठरवलेल्या ठिकाणापर्यंतची वाट मुलांनी पट्टीने मोजली, ती ६ सें.मी. भरली. तीन किलोमीटर अंतर आणि फार तर पाऊण तासाची चाल, असा हिशेब करून आम्ही निघालो. प्रत्यक्षात सव्वा तास उलटला तरी ते ठिकाण येईना. ऊन चढले, सोबतचे पाणी संपत आले आणि दोन मुलींना चक्कर आल्यासारखे वाटू लागल्यामुळे पळसाच्या सावलीत बराच वेळ बसवावे लागले. परतताना बसमध्ये एका मुलाने विचारले, "मॅडम, नकाशाच चुकीचा असतो का?" त्याला देण्यासारखे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

नकाशा चुकीचा असेल असे मला वाटत नाही. मग हिशेब कुठे फसला? आणि प्रमाण ही गोष्ट मुलांच्या मनात कायमची बसावी यासाठी ती कशी शिकवावी? जाणकारांनी कृपया लिहावे.

साखळी_आणि_कंपास

मॅडम, माझे सारे आयुष्य भूमापनात गेले आणि निवृत्तीनंतरही नकाशे सुटलेले नाहीत. आपला नकाशा चुकीचा नाही, याबद्दल निश्चिंत असा. माझा संशय झेरॉक्सवर आहे.

आपण एक करा. मूळ प्रतीवर तांबड्या रेषांची चौकोनी जाळी आहे, ती झेरॉक्समध्ये काळी उमटली असेल. तिच्या एका चौकोनाची बाजू झेरॉक्स प्रतीवर मिलिमीटरमध्ये मोजा आणि इथे कळवा. जाळीच्या लगतच्या दोन रेषांमध्ये जमिनीवरचे एक किलोमीटर असेल, तर १:५०,००० प्रमाणावर ती बाजू बरोबर २० मि.मी. भरायला हवी. जाळी नीट उमटली नसेल तर नकाशाच्या डाव्या किंवा उजव्या कडेला अक्षांशाच्या खुणा पाहा. आपल्या भागात ५ मिनिटे अक्षांश (एका अंशाची ६० मिनिटे होतात) म्हणजे जमिनीवर सुमारे ९.२ कि.मी., म्हणजे मूळ नकाशावर सुमारे १८.४ सें.मी. होतात. आकडा कळला की पुढचे बोलू.

वर्गाबाहेर

काका, आत्ताच मोजले. चौकोनाची बाजू १४ मि.मी. भरते. तीन वेगवेगळ्या ठिकाणी मोजून पाहिली, सगळीकडे तेवढीच आहे.

साखळी_आणि_कंपास

मग कोडे सुटले. झेरॉक्सच्या यंत्रावर ए-थ्री आकाराच्या कागदावरचा मजकूर ए-फोरवर बसवण्यासाठी ७१ टक्क्यांचे तयार बटण असते. दुकानदाराने कागदात मावावे म्हणून ते दाबले असणार आणि त्यात त्याचा दोष नाही, कारण एरवी त्याच्याकडे येणाऱ्या अर्जाचे, गुणपत्रिकेचे किंवा सातबाऱ्याचे त्यामुळे काहीही बिघडत नाही. नकाशाचे मात्र सगळेच बिघडते. २० मि.मी. चे ७१ टक्के म्हणजे १४ मि.मी. आपल्या हातातल्या कागदाचे खरे प्रमाण सुमारे १:७१,००० झालेले होते आणि आपण हिशेब १:५०,००० चा केला. प्रतीवरचे ६ सें.मी. मूळ नकाशावर साडेआठ सेंटिमीटरांहून थोडे अधिक होतात, म्हणजे जमिनीवर जवळपास ४.३ कि.मी. तीन किलोमीटर समजून आपण मुलांना सव्वाचार किलोमीटरांहून अधिक चालवलेत, तेही पट्टीने मोजलेल्या सरळ रेषेच्या हिशेबाने. वाटेची वळणे धरली तर अंतर आणखी वाढते. ती मोजायची असतील तर पट्टी बाजूला ठेवून शिवणाचा दोरा घ्यावा, तो थोडा ओला करून वाटेच्या प्रत्येक वळणावर बोटाने दाबत बसवावा आणि मग सरळ ताणून मोजावा.

प्रमाण नकाशावर तीन तऱ्हांनी दिलेले असते आणि त्या तिघांचा स्वभाव निराळा आहे, हे मुलांना पहिल्याच तासाला सांगायला हवे. शब्दप्रमाणात "१ सें.मी. ला ५०० मीटर" असे लिहिलेले असते. अंकप्रमाणात १:५०,००० असे गुणोत्तर असते. त्याला एकक नसते, म्हणून इंचाने मोजा, सेंटिमीटरने मोजा किंवा काडीने मोजा, कागदावरच्या एका मापाला जमिनीवरची तीच मापे पन्नास हजार. जुने एक इंच नकाशे १:६३,३६० प्रमाणाचे असत, कारण एका मैलात ६३,३६० इंच असतात. तिसरे रेषाप्रमाण, म्हणजे तळाशी छापलेली भाग पाडलेली पट्टी. कागद लहान झाला की शब्द आणि अंक तेच राहतात, त्यामुळे ते खोटे ठरतात. रेषाप्रमाणाची पट्टी मात्र नकाशासोबत तेवढीच आखडते आणि म्हणून खरी राहते. नकाशाचा तुकडा झेरॉक्स करताना ती पट्टी कापून त्या तुकड्याच्या कोपऱ्यात चिकटवायची आणि मगच प्रत काढायची, ही सवय मला माझ्या वरिष्ठांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी लावली. संगणकावरून नकाशा छापताना "पानात बसवा" हा पर्याय निवडला की नेमके हेच घडते, फक्त किती टक्के आखडले ते कळतही नाही.

पहाटवाट

काका, मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो आहे. बृहत्‌प्रमाण आणि लघुप्रमाण यांत माझा कायम गोंधळ होतो. आख्ख्या भारताचा नकाशा मोठा भाग दाखवतो, मग त्याला लघुप्रमाण का म्हणतात? आणि ५५ ओ/७ या क्रमांकाचा अर्थ काय? पाठ केलेला आहे, पण कळलेला नाही.

साखळी_आणि_कंपास

प्रमाण हा अपूर्णांक आहे, हे लक्षात ठेवले तर गोंधळ उरत नाही. एका भाकरीचे चार वाटे केले तर प्रत्येक वाटा मोठा, चाळीस केले तर घास घास. १/५०,००० हा १/१०,००,००० पेक्षा मोठा अपूर्णांक आहे, म्हणून पहिला नकाशा दुसऱ्याच्या तुलनेत बृहत्‌प्रमाणाचा. त्यात प्रदेश कमी दिसतो, पण तपशील अधिक दिसतो.

आपल्या भागातलेच उदाहरण घ्या. जुन्या मध्य प्रांतातील गावनकाशे १६ इंचांस १ मैल या प्रमाणाने केलेले आहेत, म्हणजे १:३,९६०. एक एकराचे चौकोनी शेत अशा गावनकाशावर सुमारे १.६ सें.मी. बाजूचे दिसते, त्यात विहीर, धुरा आणि गट क्रमांक मावतो. तेच शेत १:५०,००० च्या नकाशावर सव्वा मिलिमीटरचे होते. पेन्सिलीचे टोक टेकवले तर झाकले जाते. शेताच्या धुऱ्याचा वाद घेऊन लोक टोपोशीट, म्हणजे हाच स्थलनिर्देशक नकाशा, दाखवायला माझ्याकडे येत, तेव्हा मी त्यांना आधी ही पेन्सिल टेकवून दाखवत असे. त्याच नकाशावरचा रस्ताही प्रमाणात नसतो. एक मिलिमीटर जाडीची रेष प्रमाणाने धरली तर ५० मीटर रुंदीची होईल, आणि खेड्यापाड्यांत इतका रुंद रस्ता कुठे आहे? रस्ता, देऊळ, विहीर ही सारी चिन्हे आहेत. ती जागा दाखवतात, आकार दाखवत नाहीत.

आता क्रमांक. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या मालिकेत ४ अंश लांब आणि ४ अंश रुंद अशा प्रत्येक तुकड्याला एक आकडा दिलेला आहे, त्याचे प्रमाण १:१०,००,०००. नागपूर ज्यात येते तो ५५, म्हणजे २० ते २४ उत्तर अक्षांश आणि ७६ ते ८० पूर्व रेखांश. त्याचे एकेक अंशाचे सोळा भाग पाडून त्यांना ए पासून पी पर्यंत अक्षरे दिलेली आहेत. ही अक्षरे वायव्येच्या कोपऱ्यापासून सुरू होऊन वरून खाली उतरतात आणि मग पुढच्या उभ्या रांगेत पुन्हा वरून सुरू होतात. बहुतेक विद्यार्थी इथेच चुकतात, कारण ते डावीकडून उजवीकडे मोजू लागतात. ७९ ते ८० रेखांश ही शेवटची रांग, तिच्यात एम, एन, ओ, पी. २१ ते २२ अक्षांश वरून तिसरा, म्हणून ओ. या एका अंशाच्या नकाशाचे प्रमाण १:२,५०,०००. त्याचे पुन्हा १५-१५ मिनिटांचे सोळा तुकडे केले, त्याच वरून-खाली पद्धतीने १ ते १६ क्रमांक दिले, की १:५०,००० चे नकाशे मिळतात. नागपूर शहर २१ अंश ९ मिनिटे आणि ७९ अंश ५ मिनिटे यांच्या आसपास आहे, म्हणून पहिल्या रांगेतला खालचा, ५५ ओ/४. रामटेक २१ अंश २४ मिनिटांवर आणि ७९ अंशांच्या १९ मिनिटे पूर्वेला, म्हणून दुसऱ्या रांगेतला तिसरा, ५५ ओ/७. तुम्ही आता कामठीचा क्रमांक स्वतः काढून पाहा.

एक गंमतीची गोष्ट नागपूरकरांना ठाऊक असावी. ७९ अंश रेखांश वाडीच्या आसपासून जातो, त्यामुळे नागपूर ५५ ओ/४ वर आणि हिंगणा ५५ के/१६ वर येते. अक्षर बदलले, आकडा बदलला, दोन्ही नकाशांची घरे वेगळी, आणि प्रत्यक्षात दोघे शेजारी. हिंगण्याकडून शहरात येणारा नाला पाहायचा असेल तर दोन नकाशांच्या कडा जुळवून चिकटवाव्या लागतात.

पहाटवाट

कामठी साधारण २१ अंश १३ मिनिटे आणि ७९ अंश १२ मिनिटे. म्हणजे तीसुद्धा ५५ ओ/४ वरच. पहिल्यांदाच न पाठ करता उत्तर आले. मनापासून आभार. आणखी एक शंका. हा नकाशा उभट का असतो? १५ मिनिटे दोन्ही बाजूंना सारखीच आहेत, मग तो चौरस का नाही?

वर्गाबाहेर

याचे उत्तर मी देते. अक्षांशांमधले अंतर सगळीकडे जवळपास सारखे असते, पण रेखांश ध्रुवांकडे एकत्र येत जातात. आपल्याकडे १५ मिनिटे अक्षांश म्हणजे सुमारे २७.७ कि.मी. आणि १५ मिनिटे रेखांश म्हणजे सुमारे २६ कि.मी. म्हणून कागदावर आपला नकाशा साधारण ५५ सें.मी. उंच आणि ५२ सें.मी. रुंद भरतो. हाच नकाशा काश्मीरमधला घेतलात तर आणखी अरुंद दिसेल.

अंबाझरीखाली

हा धागा वाचून एक अगदी वेगळा, पण माझ्या दृष्टीने जिव्हाळ्याचा प्रश्न विचारतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी आमच्या वस्तीत शिरले. आमच्या घरात कमरेएवढे पाणी होते. शेजारच्या गल्लीत मात्र उंबरठासुद्धा भिजला नाही. तेव्हापासून मला आमची जागा नेमकी किती खोलगट आहे हे समजून घ्यायचे आहे. ५५ ओ/४ मिळवून समोच्च रेषा पाहिल्या तर हे कळेल का? मोबाईलवर उंची दाखवणारी ॲपही आहेत, त्यांवर विश्वास ठेवावा का?

साखळी_आणि_कंपास

आपल्यावर जे ओढवले त्याबद्दल फार वाईट वाटते. प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून उत्तर सावकाश देतो.

समोच्च रेषा म्हणजे समुद्रसपाटीपासून समान उंचीची ठिकाणे जोडणारी रेषा. १:५०,००० च्या नकाशावर या तपकिरी रेषा सर्वसाधारणपणे २०-२० मीटरांनी काढलेल्या असतात आणि दर १०० मीटरची रेषा जाड असते. १:२५,००० वर हे अंतर १० मीटर असते. दोन रेषांच्या मध्ये जमीन कशी वरखाली होते याबद्दल नकाशा काहीही सांगत नाही, आणि रेषेची स्वतःची अचूकतासुद्धा दोन रेषांमधल्या अंतराच्या निम्मी, म्हणजे १० मीटरांच्या आत धरावी, असा व्यवहार आहे. नागपूर शहर सुमारे ३१० मीटर उंचीवर, बरेचसे सपाट वसलेले आहे. तलावापासून सीताबर्डीपर्यंतच्या पट्ट्यातून अशी एखाद-दुसरीच रेषा जाईल. आपल्या घरात पाणी शिरले आणि शेजारच्या गल्लीत शिरले नाही, हा फरक एक-दोन मीटरांचा किंवा त्याहूनही कमी असणार. २० मीटरांच्या गाळणीत तो सापडत नाही. हा नकाशा त्या प्रश्नासाठी केलेलाच नाही.

मोबाईलवरच्या उंचीबद्दलही सावध राहा. उपग्रहावरून मिळणारी उंची पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली असते, समुद्रसपाटीपासून नव्हे. नागपूरसारख्या ठिकाणी या दोन उंचींमधला फरक ५० मीटरांहून अधिक आहे. काही ॲप तो फरक सुधारून दाखवतात, काही दाखवत नाहीत. फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून रडारने जगातील बहुतेक भूभागाची उंची मोजली गेली, ती माहिती सर्वांना खुली आहे आणि फार उपयोगी आहे, परंतु तिचा एक ठिपका सुमारे ३० मीटरांचा असतो आणि त्या उंचीत झाडांचे शेंडे व घरांची छपरेही मिसळलेली असतात. डोंगररांगेच्या अभ्यासाला ती चालते. उंबरठ्याच्या अभ्यासाला चालत नाही.

मग काय करावे? वस्तीतल्या चारपाच जणांनी मिळून एखाद्या परवानाधारक मोजणीदाराकडून तलमापन करून घ्या. तिपाईवरच्या लेव्हल यंत्राने आणि मापदंडाने तो प्रत्येक उंबरठ्याची उंची सेंटिमीटरपर्यंत सांगेल. पुरात पाणी जिथपर्यंत चढले त्या भिंतीवरच्या डागांची उंचीही त्याच वेळी मोजून घ्या, कारण रंगरंगोटी झाली की तो पुरावा कायमचा पुसला जाईल. अर्धा मीटर अंतराच्या समोच्च रेषा काढलेला १:१,००० किंवा त्याहून बृहत्‌प्रमाणाचा नकाशा तयार झाला, तर पाणी कोणत्या गल्लीतून आले आणि कुठे तुंबले ते कागदावर स्पष्ट दिसेल.

याचा अर्थ ५५ ओ/४ निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. पाणी कुठून येते हे तोच सांगेल. शेजारच्या ५५ के/१६ ची कड त्याला जोडा आणि पश्चिमेच्या लाव्हा गावाच्या परिसरातील टेकड्यांपासून निघणारे नाले बोटाने खाली आणत चला. समोच्च रेषा जिथे इंग्रजी व्ही अक्षरासारखी दुमडते आणि तिचे टोक चढाकडे असते तिथे ओहोळ आहे. टोक उताराकडे असेल तर ती टेकडीची सोंड समजावी. दोन ओहोळांच्या मधल्या सोंडा पेन्सिलीने जोडत गेलात की तलावाचे सगळे पाणलोट क्षेत्र आखले जाईल. मग चौकोन मोजा. जाळीचा एक चौकोन म्हणजे एक चौरस किलोमीटर, म्हणजेच १०० हेक्टर. एवढ्या क्षेत्रावर १ सें.मी. पाऊस पडला तर एक कोटी लिटर पाणी झाले. तलावाच्या बांधाजवळ एखादा आकडा आणि त्यापुढे लहान आर अक्षर दिसेल, तर ती समुद्रसपाटीपासूनची उंची नव्हे, लगतच्या जमिनीपासून बांध किती मीटर उंच आहे ते सांगणारी सापेक्ष उंची आहे. तो आकडा आणि आपल्या घराची जागा एकत्र पाहा.

अंबाझरीखाली

काका, आपल्या उत्तराने दीड वर्षाचा गोंधळ संपला. मी चुकीच्या नकाशाला प्रश्न विचारत होतो. भिंतीवरच्या डागांचे मात्र खरे आहे, दोन घरांनी दिवाळीला रंग दिला आहे. उरलेल्या घरांचे डाग आज संध्याकाळीच टेपने मोजून लिहून ठेवतो.

हिंगणघाटकर

उंचीचा विषय निघाला म्हणून लिहितो. आपल्या नागपुरातील शून्य मैलाच्या दगडापाशी समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट अशी नोंदलेली आहे, म्हणजे जवळपास ३११ मीटर. फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत! १९०७ साली उभारलेली ही खूण त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे मानक तलचिन्ह, म्हणजे उंची मोजण्याची पक्की खूण आहे, हे तिथल्या चार घोड्यांच्या पुतळ्यांपाशी उभे राहून छायाचित्रे काढणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. हेच काम १८०२ साली मद्रासजवळ एक पायारेषा साखळीने मोजून विल्यम लॅम्ब्टन यांनी सुरू केले. एक बाजू मोजायची, बाकीच्या केवळ कोनांवरून गणिताने काढायच्या आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडत उत्तरेकडे जायचे. हैदराबादहून नागपूरकडे येताना २० जानेवारी १८२३ रोजी ते आमच्या हिंगणघाटला वारले. त्यांची कबर आमच्या गावात आहे आणि पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याकडे गेले. टोपोशीटवर टेकडीच्या माथ्यावर लहान त्रिकोण आणि शेजारी उंचीचा आकडा दिसतो, तो याच साखळीचा दुवा आहे. लहानपणी त्या कबरीजवळ खेळताना मला यातले काहीच माहीत नव्हते. आता नकाशावरचा प्रत्येक त्रिकोण ओळखीचा वाटतो.

साखळी_आणि_कंपास

हिंगणघाटकर, आपण फार मोलाची आठवण दिलीत. तिला जोडून एक व्यावहारिक सूचना. जुने नकाशे एव्हरेस्ट यांच्या नावाच्या गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारावर, बेतलेले आहेत, तर २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर आलेली खुली मालिका डब्ल्यूजीएस-८४ या मोबाईलही वापरतो त्या दुसऱ्या गोलाभावर. त्यामुळे मोबाईलवर आलेले अक्षांश-रेखांश जुन्या नकाशावर जसेच्या तसे मांडले तर खूण खऱ्या जागेपासून सरकते आणि ओढ्याच्या अलीकडचे देऊळ पलीकडे जाऊन बसते. खुल्या मालिकेत क्रमांकही बदलले आहेत. मॅडम, आपल्याकडची प्रत जुनी आहे, म्हणून मुलांना मोबाईलचे आकडे त्यावर मांडू देऊ नका. खुल्या मालिकेचे नकाशे सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवता येतात, मोबाईलसाठी ते वापरावेत.

वर्गाबाहेर

सर्वांचे आभार. काय केले ते सांगते.

समोच्च रेषा शिकवण्यासाठी या वेळी फळा वापरला नाही. स्वयंपाकघरातली मोठी परात वर्गात नेली, तिच्यात ओल्या मुरमाची टेकडी रचली, एक बाजू उभी ठेवली आणि दुसरी ऐसपैस उतरती. मग तांब्याने पाणी ओतले. एक बोट पाणी चढले की थांबायचे आणि पाण्याच्या काठाने रांगोळीची रेघ ओढायची, पुन्हा एक बोट पाणी. चार रेघा झाल्यावर पाणी हळूच उपसून काढले आणि मुलांना बाकावर उभे राहून परातीत सरळ वरून पाहायला सांगितले. उभ्या बाजूला रेघा एकमेकींना खेटलेल्या आणि उतरत्या बाजूला दूर दूर. एका मुलीने टेकडीवर बोटाने घळ कोरली होती, तिथे प्रत्येक रेघ माथ्याकडे आत वळली होती. व्हीचे टोक कुणीकडे, हा प्रश्न मला विचारावाच लागला नाही. त्यानंतर उताराचे गणित दिले: १:५०,००० वर दोन रेषा १ मि.मी. अंतरावर असतील तर ५० मीटरांत २० मीटर चढ, म्हणजे दम लागणारा. पाच मिलिमीटर असतील तर २५० मीटरांत तेवढाच चढ, बैलगाडी जाईल असा.

मग मूळ नकाशाची नवी प्रत काढली, १०० टक्के आकारात, दोन तुकड्यांत, रेषाप्रमाणाची पट्टी दोन्हींवर चिकटवून. दुकानात उभे राहूनच जाळीचा चौकोन पट्टीने मोजला, २० मि.मी. आहे याची खात्री केली आणि मग पैसे दिले. गेल्या रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही पुन्हा त्याच वाटेवर गेलो. दोऱ्याने मोजलेले अंतर ९ सें.मी. भरले होते, म्हणजे साडेचार किलोमीटर. मुलांनी आधी महाविद्यालयाच्या मैदानावर १०० मीटरांत आपली किती पावले पडतात ते मोजून ठेवले होते, त्या हिशेबाने पाच गटांची उत्तरे ४.३ ते ४.७ कि.मी. यांच्या दरम्यान आली. पाणी पुरले, कुणी थकले नाही.

वाटेत एक ओढा लागला. नकाशावर तो काळ्या रेषेने दाखवला आहे आणि तलाव निळा. ओढाही निळा का नाही, असे मी वर्गात विचारले तेव्हा कुणालाच उत्तर आले नव्हते. त्या ओढ्यात उतरून कोरड्या वाळूवर उभा राहिल्यावर बसमध्ये प्रश्न विचारणारा तोच मुलगा खाली वाकला, मूठभर वाळू हातात घेतली आणि म्हणाला, "मॅडम, पाणी पावसाळ्यातच असते, म्हणून काळा." त्याच्या प्रतीवर त्याने पेन्सिलीने तारीख आणि "कोरडा" असे लिहून ठेवले आहे. पावसाळ्यात आम्ही तिथे पुन्हा जाणार आहोत.

साखळी_आणि_कंपास

ती पेन्सिलीची नोंद पुसू देऊ नका. पावसाळ्यातल्या फेरीत त्याच जागी पाण्याची रुंदी पावलांनी मोजून तिच्या खाली लिहायला सांगा. आणि जाताना दोरा सोबत असू द्या.